‘लॉयल्टी’चा तोटा

आमच्या हर्णे बंदरात मुंबईची बोट किनाऱ्याला लागत नसे. ती दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून ये-जा करीत, असे आजोबा सांगत. ते खलाशी होते. आमच्याकडच्या कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या आगबोटींवर राबले. मालकी मात्र बहुतेक गोऱ्यांची.

ती आपल्या माणसांकडे यावी म्हणून झटलेले वालचंद हिराचंद सोलापूरचे. समुद्रापासून किती लांब, बघा! रेल्वेची कंत्राटे घेणाऱ्या या गृहस्थाने १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून ‘लॉयल्टी’ हे जहाज घेतले आणि नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह सिंदिया कंपनी काढली. महायुद्धात हे जहाज इस्पितळ म्हणून साम्राज्याच्या सेवेत होते. नावाचा अर्थच राजनिष्ठा. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडला निघाले, ते इंग्रज कंपन्यांच्या धंद्यात वाटा मागायला! कवी असल्यामुळे असेल, मला या नावाची अजून गंमत वाटते.

पण जहाज जुने, जवळजवळ तीस वर्षांचे. प्रवासी वाहतुकीचा बेत फसला आणि १९२३ मध्ये ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याच तोट्यातल्या जहाजाच्या सफरीचा.

दरम्यान कंपनीने मालवाहू जहाजे घेतली होती. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडी इतकी उतरवली की सिंदियाने गाशाच गुंडाळावा. अखेर १९२३ मध्ये करार झाला : दहा वर्षे फक्त किनाऱ्यावरची मालवाहतूक करायची, जहाजे ७५ हजार टनांपुरतीच ठेवायची, परदेशी मार्गाला जायचे नाही. वालचंदांना हा करार कायम जाचला. पण कंपनी विकून मोकळे होण्यापेक्षा अपमान गिळून ते टिकले, हे मला जहाज घेण्याच्या धाडसाहूनही मोठे वाटते. जिथे कोंडले त्या किनाऱ्यावरच सिंदिया वाढली. आमच्या कोकणातल्या बोटी चालवणारी ‘बॉम्बे स्टीम’ही पुढे तिच्याकडे आली. जहाजबांधणीला कलकत्त्यात जागा मिळेना, तेव्हा १९४१ मध्ये विशाखापट्टणमला पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी तिथे जपानी बाँब पडले. त्याच गोदीतून १९४८ मध्ये ‘जलउषा’ पाण्यात उतरली.

इथे थांबलो तर यशकथा पुरी होते. पण कोकणात आणखी एक स्वदेशी कंपनी होती, सहकारी तत्त्वावरची. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. नोव्हेंबर १९२७ मध्ये तिच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यातूनही कंपनी उभी राहिली; पुढे ‘रामदास’ तिच्या ताफ्यात आली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ‘लॉयल्टी’चा तोटा पुढच्या ताळेबंदात भरून निघाला. हा कोणत्या खात्यावर लिहायचा?

आजोबा त्यानंतरही बोटीवर गेले, पोट होते. आजी मात्र पुढे मुंबईला गेली ती दापोलीवरून, एस्टीनेच.