न्यूट्रल तुटतो तेव्हा

आमचं मानवत म्हणजे कापसाची बाजारपेठ. १९६० साली राज्य वीज मंडळ आलं, २००५ साली महावितरण. रचना मात्र तीच: डीपीवरून तीन फेज, एक न्यूट्रल.

१९८२ साली देशात रंगीत टीव्ही आला. पुढे गावोगावी त्याच्याशेजारी स्टॅबिलायझर बसला. व्होल्टेज डिम झालं की तो सावरून घ्यायचा. विजेचा क्षणभराचा झटका मात्र वेगळा. तो जिरवतो झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर, १९६०च्या दशकाअखेरीस जपानमध्ये विकसित झालेला.

पण न्यूट्रलच तुटला तर? वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांत अडकतात. ज्या घरात लोड कमी, तिथे २३०च्या जागी ४००च्या जवळ व्होल्टेज! हे मिनिटामिनिटांचं दुखणं, व्हॅरिस्टर त्यात जळून जातो.

अमेरिकेत कॅरव्हॅनवाले रोज नव्या गावच्या प्लगला गाडी जोडतात. म्हणून काहीजण वायरिंगमध्येच पक्कं यंत्र बसवतात: आधी व्होल्टेज मोजायचं, मर्यादेबाहेर गेलं की सप्लाय तोडायचा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, आधी इनपुट तपासा.

मानवतच्या घरी मी मीटरनंतर तसंच यंत्र वायरमनकडून बसवून घेतलं. तुमचेही आई-बाबा गावी असतील, तर नुसत्या स्टॅबिलायझरवर विसंबू नका.