पोतं, लेबल आणि कलम ३९

पेरणी जवळ आली की आमच्या घरी बाबा गोणपाटाचा तुकडा ओला करतात, त्यावर सोयाबीनचे शंभर दाणे मांडतात आणि गुंडाळी करून कोपऱ्यात ठेवतात. पाच-सहा दिवसांनी उघडून मोजायचं. सत्तर उगवले तर गेल्या वर्षीचंच बी पेरायचं. यासाठी कुणाची परवानगी लागू शकते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सॉफ्टवेअरवाला. लायसन्सच्या अटी न वाचता 'मान्य आहे' दाबणं हा माझा रोजचा धंदा. बियाण्यालाही तशी अट लावता येते, हे कळलं तेव्हा जरा हललो.

गोष्ट १९८६ ची. अमेरिकेत फायझर, आयबीएम, ड्यूपाँट, मोन्सॅन्टो अशा डझनभर कंपन्यांनी मिळून एक समिती काढली. काम एकच: सुरू होणाऱ्या जागतिक व्यापार वाटाघाटींत बौद्धिक संपदा घुसवायची. १९८८ मध्ये त्यांनी युरोप आणि जपानच्या उद्योग संघटनांना सोबत घेऊन एक सविस्तर मसुदाच सरकारांपुढे ठेवला. १९९४ मध्ये ट्रिप्स करारावर सह्या झाल्या तेव्हा त्यातलं बरंचसं आत आलेलं होतं. म्हणजे स्पेसिफिकेशन क्लायंटनेच लिहून द्यायचं आणि सरकारांनी कोड करायचं.

पण एक फट राहिली. कलम २७.३(ब) म्हणतं की पिकांच्या वाणांना पेटंट द्या, नाहीतर 'परिणामकारक' अशी स्वतःची वेगळी व्यवस्था उभारा. परिणामकारक म्हणजे काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. बियाणे उद्योगाच्या मते उत्तर सोपं होतं: युपोव्ह. वाण तयार करणाऱ्यांचे हक्क जपणारा हा युरोपात जन्मलेला करार. त्याच्या १९९१ च्या आवृत्तीत शेतकऱ्याने घरचं बी राखणं हा हक्क उरत नाही. देशाने दिली तर ती सवलत.

उद्योगाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. नवा वाण काढायला कित्येक वर्षं जातात. संकरित बियाण्याला कायद्याची फारशी गरज नसते, कारण त्याच्या पिकातून राखलेलं बी पुढच्या वर्षी तसं येत नाही. सोयाबीन, गहू, बटाटा मात्र वर्षानुवर्षं राखता येतात. खरी लढाई यांच्यावर होती.

भारताच्या १९९९ च्या विधेयकात शेतकऱ्याला बी राखायची, वाटायची मुभा होती; व्यापारी व्यवस्थेखाली लागवडीसाठी विकायची नव्हती. आता 'व्यापारी व्यवस्था' कशाला म्हणायचं? बाजारच्या दिवशी शेजारगावच्या माणसाला दोन पोती दिली, तर? शेतकरी संघटना आणि कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. विधेयक साहिबसिंग वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि तिने ते बरंच पालटलं. २००१ च्या कायद्यातलं कलम ३९(१)(चार) सांगतं की शेतकरी संरक्षित वाणाचंही बी राखू, पेरू, देऊ आणि विकू शकतो; फक्त ब्रँडेड बी विकू शकत नाही. ब्रँडेड म्हणजे पिशवीत भरून, बी संरक्षित वाणाचं आहे हे कळेल असं लेबल लावलेलं. सुटं पोतं चालतं. मला हे कलम फार आवडतं. बाजार पाहिलेल्या माणसाने लिहिल्यासारखं वाटतं.

कसोटी लागली २०१९ मध्ये. पेप्सिकोने साबरकांठ्यातल्या चार बटाटा उत्पादकांवर अहमदाबादच्या कोर्टात दावे ठोकले, प्रत्येकी १ कोटी ५ लाखांचे. एफएल २०२७ हा चिप्सचा बटाटा त्यांचा नोंदणीकृत वाण होता. तोडगाही सुचवला: आमच्याशी करार करा, नाहीतर हा बटाटा लावणं सोडा. शेतकऱ्यांच्या बाजूने हेच कलम पुढे आलं, देशभर गदारोळ झाला, आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले.

त्यामुळे या कलमाचा नेमका अर्थ त्या खटल्यात कोर्टाकडून ठरलाच नाही. पुढे २०२१ मध्ये वाणाची नोंदणी रद्द झाली, ती निराळ्या अर्जावर. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग लेबल न लावता विकलं तर चालतं ना?"

चालतं, म्हटलं.