पहिली प्रोग्रामिंग भाषा कोणती निवडावी? सुरुवात कशी करावी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न असतो : मुलांना 'कोडिंग' शिकवायचं तर कोणती भाषा? क्लासवाले एका दमात पाच-सहा नावं सांगतात आणि पालक हजारो रुपये भरून मोकळे होतात. दोन महिन्यांत मुलं कंटाळतात, पैसे जातात. त्याहून वाईट म्हणजे 'हे आपल्याला जमणारं नाही' असा समज मनात पक्का बसतो. म्हणून फी भरण्याआधी ही माहिती वाचून घ्या.

आधी काम ठरवा, मग भाषा

सर्वांसाठी 'बेस्ट' अशी एकच भाषा नसते.

पायथन : नेदरलँड्सच्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी ही भाषा १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. लिहायला आणि वाचायला सोपी. डेटा, एआय आणि ऑफिसची रोजची कामं आपोआप करून घेण्यासाठी वापरतात. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत कॉम्प्युटर सायन्स विषयाला हीच भाषा आहे.

जावास्क्रिप्ट : वेबसाइट बनवायच्या असतील तर ही लागतेच. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तिचं पहिलं रूप दहा दिवसांत तयार केलं. सोबत एचटीएमएल आणि सीएसएस शिकावं लागतं, पण ते पानाची मांडणी आणि रंगरूप यांपुरतं. आणि हो, जावा आणि जावास्क्रिप्ट या वेगवेगळ्या भाषा आहेत. नावावरून फसू नका.

सी : बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. अवघड आहे, पण कॉम्प्युटरची मेमरी कशी चालते ते नीट कळतं. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला 'सी' असेल तर तीच आधी शिका.

कोटलिन : अँड्रॉइड ॲप बनवायचे असतील तर. २०१९ पासून गूगल अँड्रॉइडसाठी हिलाच प्राधान्य देते.

स्क्रॅच : लहान मुलांसाठी. २००७ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने आणली. टाइप करायचं नाही, रंगीत ठोकळे जोडायचे. पूर्णपणे मोफत.

काहीच ठरत नसेल तर पायथन घ्या. अट, लूप, फंक्शन या गोष्टी एका भाषेत कळल्या की दुसरी भाषा शिकायला फार वेळ लागत नाही. मात्र दोन भाषा एकदम सुरू करू नका.

सुरुवात अशी करा

१. पायथन तिच्या अधिकृत वेबसाइटवरून मोफत मिळते. पायथन ३ च घ्या. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला. शिकण्यापुरता जुना लॅपटॉपही चालतो. लॅपटॉप नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरवरही छोटे प्रोग्राम चालवून बघता येतात.

२. व्हिडिओ नुसता बघू नका. प्रत्येक ओळ स्वतः टाइप करा, मग त्यात बदल करून बघा.

३. एरर आली की घाबरू नका. पायथनमध्ये संदेशाची शेवटची ओळ आधी वाचा. चूक कसली ते बहुधा तिथेच असतं. एक नेहमीची गंमत : वापरणाऱ्याने टाइप केलेले १० आणि २० मिळवायला गेलात तर उत्तर ३० न येता १०२० येतं. कारण टाइप केलेली गोष्ट पायथन आधी मजकूर समजते. तिचा आकडा करावा लागतो.

४. महिनाभरात स्वतःच्या उपयोगाचं काहीतरी बनवा. दुकानाच्या उधारीचा हिशोब चांगला : नाव आणि रक्कम घ्यायची, जमा वजा करायची, बाकी दाखवायची. एवढ्यात निम्म्या मूळ गोष्टी शिकून होतात.

मोफत कुठे शिकायचं?

आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत. 'एनपीटीईएल'वर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स मोफत बघता येतात. फी लागते ती फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेसाठी. ज्या मुलींना लांबच्या क्लासला जाता येत नाही, त्यांना घरबसल्या शिकायची ही चांगली सोय आहे.

क्लास लावायचाच असेल तर

आधी एक-दोन तास बसून बघू द्या, असं सांगा. फी परत मिळण्याची अट लेखी घ्या. 'नोकरीची गॅरंटी' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. शिकवून झालेल्या मुलांनी काय बनवलं ते दाखवायला सांगा. सर्टिफिकेट असलं तरी मुलाखतीत बहुधा स्वतः केलेल्या कामाबद्दलच विचारतात.

रोज एक तास, सलग तीन महिने, एकच भाषा. एवढं पाळलं तर पुढे पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे मुलं स्वतःच सांगतील.