आळित्तेर

तमिळनाडूतील तिरुवारूरच्या त्यागराज मंदिराचा भव्य लाकडी रथ. तंजावरचे शहाजीराजे (कार. १६८४–१७१२) याच मंदिरातील देवाचे, त्यागेशाचे (त्यागराजाचे) भक्त; त्यांचे ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे तेलुगू नाट्य त्यालाच वाहिलेले आहे (→ तंजावरचे मराठे).

कोरीव मूर्तिपट्टांचा कायमचा सांगाडा सुमारे ९ मी. उंच. पंगुनी (मार्च–एप्रिल) उत्सवापूर्वी त्यावर बांबूंचे मजले बांधून रंगीत कापड चढवतात. मग उंची सुमारे २९ मी. व वजन सुमारे ३०० टन भरते. रंगांची सारी शोभा कापडाची : भोवती लोंबणाऱ्या ‘तोंबै’ या नळकांड्यांवर आकृती कापून शिवलेल्या असतात (→ तंजावर कापडकाम). वळणावर चाकाखाली लाकडी पाचर, ‘मुट्टुक्कट्टै’, सरकवून रथाची दिशा बदलतात. हे काम कसबाचे व जोखमीचे. तिरुचिरापल्लीच्या भेल कारखान्याने हायड्रॉलिक ब्रेक बसवल्यावरही पाचर सुटलेली नाही (→ रथोत्सव).