किल्लारीपूर्वीचा अदमास : धोक्याच्या मूल्यमापनाचा एक वर्गपाठ

धोक्याचे मूल्यमापन पदवीच्या विद्यार्थ्यांस शिकवावयाचे म्हणजे सूत्रे पाठ करवून घेणे नव्हे. अपुऱ्या पुराव्यावरून निर्णय करण्याची सवय त्यांस लावणे होय. नांदेड-लातूरकडील वर्गांना यासाठी दूरचे उदाहरण शोधावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८ ते १० हजार माणसे दगावली. परंतु वर्गपाठ त्या पहाटेपासून आरंभू नये. तो आदल्या सायंकाळी, अनंत चतुर्दशीस, थांबवावा.

त्या सायंकाळपर्यंत उपलब्ध असलेली तीन साधने विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. पहिले, भूकंपविभागांचा नकाशा. १९६७ च्या कोयना भूकंपाने द्वीपकल्पाच्या स्थैर्यावरील श्रद्धा ढळली आणि १९७० च्या नकाशातून 'शून्य' विभाग वगळला गेला. तथापि किल्लारीचा परिसर पहिल्या, म्हणजे किमान धोक्याच्या विभागातच राहिला. दुसरे, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे जाणवलेले धक्के. तिसरे, घरांची बांधणी : ओबडधोबड दगडांच्या, चिखलात रचलेल्या जाड भिंती व वर मातीचे जड माळवद.

विद्यार्थ्यांनी प्रथम आपला अदमास लिहून द्यावा, मगच चर्चा व्हावी. नकाशावर विसंबणारा धोका नगण्य ठरवील. धक्क्यांवर विसंबणारा गाव रिकामे करावयास सांगेल. दोघांचीही बाजू अपुरी आहे. नोंद नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे. उलट, अशा धक्क्यांच्या मालिका पुष्कळदा मोठ्या भूकंपावाचून विरून जातात. तिसरे साधन मात्र भाकितावर अवलंबून नव्हते. भिंतीचे आतले व बाहेरचे थर सांधणारे आडवे दगड नसले, तर हादऱ्याने ते थर विलग होतात आणि माळवदाचा भार झोपलेल्यांवर येतो. तेच माळवद उन्हाळ्यात गारवा देई, हेही वर्गाने विसरू नये. रहिवाशांची निवड अविचाराची नव्हती.

यावरून संभाव्यता व परिणाम यांतील भेद स्पष्ट होतो. आघात केव्हा होईल हे अज्ञात असले, तरी झाल्यास काय कोसळेल हे जाणता येते, आणि उपाय तेथेच करता येतो.

२००२ च्या फेररचनेत पहिला विभागच रद्द झाला व हा परिसर तिसऱ्या विभागात आला. हा निकाल वर्गास शेवटी सांगावा. आधी सांगितल्यास विद्यार्थी पश्चात्बुद्धीने भूतकाळास दोष देईल; शेवटी सांगितल्यास तो स्वतःचा अदमास तपासील. इतिहासाच्या अभ्यासकास ही दुसरी सवयच अधिक उपयोगी होय.