विद्यार्थिनी की बिनपगारी हात?
परिचारिका-शिक्षणाच्या इतिहासातील एक पर्व

रुग्णालयांचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो बहुधा डॉक्टरांचा इतिहास असतो. कोणी कोणती शस्त्रक्रिया प्रथम केली, कोणी कोणता जंतू शोधला, हे आपणांस ठाऊक असते. परंतु शस्त्रक्रिया आटोपल्यावर रात्रभर त्या रोग्याच्या उशाशी कोण जागले, आणि जागणाऱ्या बाईला नाडी कशी मोजावी हे कोणी शिकविले, असा प्रश्न विचारला की इतिहासकार घोटाळतात. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी. त्यासाठी आम्ही श्रोत्यांना थोडे दूर, अमेरिकेतील बाल्टिमोर नगरीत नेणार आहोत. तेथून परत मिरज-पुण्याला यावयाचे आहेच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव सर्वांच्या जिभेवर असते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. क्रिमियाच्या युद्धानंतर कृतज्ञ इंग्रजांनी तिच्या नावे सुमारे ४५ हजार पौंडांचा निधी जमविला. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत पंधरा जणी होत्या. या योजनेतील खरी मेख अशी की, शाळेचा पैसा इस्पितळाचा नव्हता, निधीचा होता. म्हणजे निदान कागदावर तरी विद्यार्थिनी ही इस्पितळाची नोकर नव्हती. पण वॉर्डात गेल्यावर कागद कोण पाहतो? मेट्रनबाईंना हात हवे होते आणि हात समोर होते. दहाबारा वर्षांनी खुद्द नाइटिंगेलबाईंच्याच ध्यानात आले की, आपल्या शाळेत काम पुष्कळ होते आणि शिकवणे बेताचेच होते.

ही योजना अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली तेव्हा निधी मागे राहिला आणि हात तेवढे पुढे गेले. १८७३ साली न्यूयॉर्कचे बेलव्ह्यू आणि आणखी एकदोन ठिकाणी नाइटिंगेल पद्धतीच्या शाळा निघाल्या. १८८० मध्ये साऱ्या देशात अशा शाळा होत्या पंधरा. १९०० साली त्या झाल्या ४३२. एवढी विद्येची गोडी अमेरिकेतील इस्पितळांना एकाएकी कशी लागली, असे कोणास वाटेल. ती गोडी विद्येची नव्हती. शाळा काढली की पगारी नोकरांऐवजी शिकाऊ मुली मिळत. त्यांना जेवण, गणवेश आणि महिन्याला थोडे हातखर्चाचे पैसे दिले की त्या दिवसाला बारा तास राबत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वॉर्ड झाडणे, बिछाने घालणे, पोटिसे बांधणे. आणि मग डोळ्यांवर झोप उतरलेली असताना एखाद्या डॉक्टरसाहेबांना सवड झाली तर त्यांचे व्याख्यान. पुष्कळ ठिकाणी याहून पुढची मजल होती. विद्यार्थिनीला श्रीमंतांच्या घरी खासगी शुश्रूषेला पाठवायचे आणि तिची कमाई इस्पितळाच्या तिजोरीत भरायची! याला शाळा म्हणावयाचे असेल तर वेठबिगारीलाही गुरुकुल म्हणता येईल.

अशा वेळी बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडले. हॉपकिन्स हा तेथील क्वेकर पंथाचा व्यापारी. १८७३ साली मृत्यू येण्यापूर्वी त्याने विद्यापीठ आणि रुग्णालय यांसाठी सत्तर लाख डॉलर ठेवले, आणि रुग्णालयाला जोडून परिचारिकांची शाळा काढावी असे विश्वस्तांना स्पष्ट लिहून ठेवले. रुग्णालय १८८९ च्या मे महिन्यात सुरू झाले, शाळा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली ज्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, तेथून हे बाल्टिमोर अवघे शंभर मैल. वृंदावनासाठी आनंदीबाईंना कोणी विचारले असते की डॉक्टर होण्यापेक्षा परिचारिका का झाला नाहीत, तर त्या काय म्हणाल्या असत्या, हा विचार आमच्या मनात येऊन गेला. पण ते असो.

शाळेची प्रमुख म्हणून इझाबेल हॅम्पटन ही बाई नेमली गेली. ती कॅनडातील ऑन्टारिओची, वयाने तिशीच्या आतबाहेर आणि पूर्वाश्रमीची शाळामास्तरीण. आमच्या मते या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे. बेलव्ह्यूला शिकून, रोममध्ये काही काळ काम करून ती १८८६ साली शिकागोच्या शाळेची प्रमुख झाली होती. तेथे तिने जे केले ते आज फारच साधे वाटेल. पहिल्या वर्षी काय शिकवायचे आणि दुसऱ्या वर्षी काय, हे तिने ठरविले! त्यापूर्वी मुलगी आज आली की आजच तिला जो वॉर्ड रिकामा असेल तो द्यायचा, अशीच रीत होती. सोप्याकडून अवघडाकडे जावे ही गोष्ट गावच्या पंतोजीलाही ठाऊक असते. इस्पितळात ती ठाऊक होण्यासाठी एक मास्तरीण यावी लागली. विद्यार्थिनींना भाड्याने घरोघर पाठवून पैसा कमावण्याची चालही तिने तेथे मोडली.

१८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. सप्टेंबरातील सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद आपल्याला पाठ आहेत. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याआधी जूनमध्ये दानधर्म व लोकोपकार यांविषयीची एक परिषद भरली होती, आणि तिच्या परिचारिका-विभागाची अध्यक्षा हॅम्पटन होती. प्रत्येक शाळेचा अभ्यासक्रम निराळा, मुदत निराळी, तेव्हा 'शिकलेली परिचारिका' या शब्दाला अर्थच उरत नाही, असे तिने तेथे मांडले. त्या बैठकीतून शाळांच्या प्रमुख स्त्रियांची एक संघटना जन्मली. पुढल्याच वर्षी हॅम्पटनने डॉ. हंटर रॉब यांच्याशी लंडनमध्ये लग्न केले. नाइटिंगेलबाईंनी वधूला पुष्पगुच्छ पाठविला. लग्न झाले म्हणून त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नोकरी सुटली. सुधारलेल्या देशातही हा रिवाज होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिच्या जागी आली अ‍ॅडिलेड नटिंग. हीदेखील कॅनडाचीच, आणि हॉपकिन्सच्या पहिल्याच तुकडीत शिकून १८९१ साली बाहेर पडलेली. शाळेत आली तेव्हा वय एकतीस. कोवळी पोर नव्हे. हॅम्पटनजवळ वक्तृत्व आणि रुबाब होता, तर नटिंगजवळ वही होती असे म्हटले तर चालेल. तिने निरनिराळ्या शाळांना पत्रे पाठवून विद्यार्थिनी रोज किती तास राबतात याचे आकडे मागविले, ते कोष्टकात मांडले आणि १८९६ साली आपल्या संघटनेपुढे वाचून दाखविले. तक्रार झिडकारता येते, कोष्टक झिडकारणे जड जाते. त्याच सुमारास हॉपकिन्समध्ये तिने तीन बदल एकदम केले. मुदत दोन वर्षांची तीन वर्षे झाली, दिवसाचे काम आठ तासांवर आले, आणि विद्यार्थिनींना मिळणारा मासिक हातखर्च बंद झाला.

श्रोत्यांना पहिले दोन बदल पटतील आणि तिसरा खटकेल. पण नटिंगचे तर्कशास्त्र पाहा. जोवर इस्पितळ चार पैसे देते, तोवर ते मालक आणि मुलगी मजूर. मजुराला मालक तास सांगणार. पैसे घेणेच बंद केले की मुलगी ताठ मानेने म्हणू शकते, 'मी येथे शिकावयास आले आहे, माझे शिक्षण कोठे आहे?' हा डाव हुशारीचा खरा. परंतु त्याचा भार गरीब घरच्या मुलीवर पडला, हेही खरे. नटिंगच्या कर्तबगारीविषयी आम्हांला आदर आहे, तथापि तिच्या शाळेचे दार सर्वांना उघडे नव्हते. काळ्या वर्णाच्या मुलींना तर ते पुढे कित्येक वर्षे बंदच राहिले.

१९०१ साली तिने आणखी एक पाऊल टाकले. नव्या मुलीने पहिले सहा महिने वॉर्डाचा भार घ्यायचाच नाही. त्या अवधीत शरीररचना, शरीरक्रिया, आरोग्यशास्त्र, औषधांची ओळख, रोग्याचे अन्न कसे शिजवावे, हे सारे शिकायचे आणि मग रोग्याला हात लावायचा. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो येथे रिबेका स्ट्राँग यांनी १८९३ साली असा पूर्ववर्ग चालविला होता. नटिंगने तो अमेरिकेत रुजविला. या सहा महिन्यांचा अर्थ व्यवस्थापकांच्या भाषेत असा होता की, इतक्या मुलींना जेवण घालायचे आणि त्यांच्याकडून वॉर्डाचे काम घ्यायचे नाही. रुग्णालयाच्या हिशेबवहीत 'शिक्षण' नावाचे खर्चाचे खाते खऱ्या अर्थाने येथे उघडले असे आम्हांस वाटते.

आणि खर्चाचे खाते उघडले की तो खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न येतोच. रोग्यांसाठी दिलेल्या पैशातून शाळा का चालवावी? उलट, शाळेच्या मुलींच्या श्रमावर रोग्यांची सोय का करावी? वैद्यकीय महाविद्यालयाला देणग्या मिळतात तशा परिचारिकांच्या शाळेला मिळाल्या पाहिजेत, तिची थैली इस्पितळाच्या थैलीपासून वेगळी पाहिजे, असे नटिंग आयुष्यभर सांगत राहिली. तिच्या सर्व म्हणण्यांत हे सर्वांत कमी ऐकले गेले. १९०७ साली ती न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात गेली. परिचारिका-शास्त्राची जगातील पहिली प्राध्यापिका तीच. ज्या अभ्यासक्रमासाठी ती गेली तो १८९९ साली सुरू होण्यामागे रॉबबाईंचीच खटपट होती. त्या बिचाऱ्या १९१० साली क्लीव्हलंड येथे ट्रॅमच्या अपघातात गेल्या. १९२३ साली अमेरिकेत गोल्डमार्क अहवाल निघाला, आणि इस्पितळाची निकड व विद्यार्थिनीचे शिक्षण यांच्या झगड्यात शिक्षण हरते, हेच त्याने पुन्हा दाखविले. हॉपकिन्स रुग्णालयाची ती शाळा १९७३ साली बंद झाली. दहा वर्षांनी तेथे विद्यापीठाची परिचारिका-शाळा निघाली, ती निराळ्या पायावर.

आता आपल्याकडे वळू. कॅनडाच्या माणसांचा या कथेत काय योग आहे न कळे. कारण मिरजेस १८९४ साली ज्यांनी रुग्णालय उघडले ते डॉ. वॉनलेसही ऑन्टारिओचेच. तेथे परिचारिकांचे शिक्षण त्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाले. मुंबईत १८९१ साली बाई काशीबाई गणपत ही शिक्षणासाठी आलेली पहिली हिंदी परिचारिका म्हणून नोंदली गेली आहे. आणि १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले, तेव्हा ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकण्यासाठी त्यांनी ब्राह्मण घरच्या विधवा पाठविल्या.

येथे प्रश्न तासांचा नव्हताच. परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी, कोणत्याही जातीचे मलमूत्र उचलणारी, रात्रपाळीला घराबाहेर राहणारी बाई घरंदाज कशी, हा प्रश्न होता. त्याला रमाबाईंनी दिलेले उत्तर व्याख्यानाचे नव्हते, वसतिगृहाचे होते. शिकणाऱ्या बायकांना राहायला सेवासदनाचे छप्पर असावे, तेथील स्वयंपाक, देखरेख, रीतभात यांवर घरच्या माणसांचा विश्वास बसावा, म्हणजे बाप किंवा दीर तिला सोडील. आणि महादेव गोविंद रानड्यांच्या पत्नी या घरात लक्ष घालतात, ही गोष्ट शंभर युक्तिवादांच्या तोडीची होती. बाल्टिमोरला हातखर्च बंद करणे ही सुधारणा ठरली. पुण्यात ती केली असती तर वर्ग ओस पडता. पोराबाळांची विधवा चार पैशांच्या आधाराशिवाय तीन वर्षे कशी काढणार? तेव्हा दोन्हीकडच्या बायका एकच गोष्ट साधू पाहत होत्या, आणि त्यासाठी एकीला जे काढून टाकावे लागले तेच दुसरीला जमवावे लागले.

शिकलेल्या बाईला पुढे काय मिळाले, तेही पाहिले पाहिजे. भोर समितीने १९४६ साली हिशेब मांडला, तेव्हा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे सात हजार. म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. समितीने उद्दिष्ट ठेवले ते पाचशे लोकांमागे एक परिचारिका असावी असे, आणि ते गाठायचे तर कामाचे तास, राहण्याची जागा व वेतन आधी सुधारावे लागेल, असेही बजावले. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचारिकांसाठी पदवीचे वर्ग उघडले. पुढील वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. अ‍ॅडिलेड नटिंग तेव्हा न्यूयॉर्ककडे आपल्या अखेरच्या वर्षांत होती; १९४८ साली, नव्वदीच्या उंबरठ्यावर ती वारली.