सापाचा न्यूमोनिया आणि हीटरवरचा आरोप

सापाला सर्दी होते का? होते, आणि आपल्यापेक्षा फार वाईट होते. आपण खोकतो, शिंकतो, कफ काढून टाकतो. सापाला छाती-पोटामधला श्वासपटलाचा पडदाच नसतो, त्यामुळे धड खोकणं त्याच्या नशिबी नाही. त्यात फुप्फुस लांबलचक, पिशवीसारखं. बहुतेक सापांत डावं फुप्फुस नावापुरतंच असतं (अजगर आणि बोआ यांना दोन्ही असतात, पण डावं धाकटं). आत एकदा चिकट स्राव साठला की तो तिथेच मुक्काम ठोकतो. मग साप मान वर करून, तोंड उघडं ठेवून श्वास घ्यायला लागतो, नाकातोंडातून बुडबुडे येतात, खाणं सुटतं.

युरोप-अमेरिकेत साप पाळणाऱ्यांना वर्षानुवर्षं याचं एकच कारण सांगितलं जायचं. पेटी थंड आहे. नाहीतर दमट आहे. नाहीतर अस्वच्छ आहे. थोडक्यात, चूक तुमची. (आमच्या धंद्यात याला 'युजर एरर' म्हणतात आणि तक्रार बंद करून टाकतात.) उपचारही ठरलेला: हीटर वाढवा आणि सेफ्टाझिडिमसारख्या अँटिबायोटिकची इंजेक्शनं द्या. माणसाला जे इंजेक्शन दिवसातून दोन-तीनदा देतात, ते सापाला साधारण 72 तासांतून एकदा पुरतं, कारण सापाचं शरीर सगळंच सावकाश करतं, औषध बाहेर टाकणंसुद्धा.

आता हा सल्ला खोटा होता असं अजिबात नाही. सापाला स्वतःचा ताप स्वतः आणता येत नाही, ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. गारठलेल्या सापाची प्रतिकारशक्ती ढेपाळते आणि एरवी तोंडात निमूट राहणारे जिवाणू फुप्फुसात उतरतात. बरेच साप या उपचाराने खरोखर बरे होत. पण काही होत नसत, किंवा दोन महिने बरे राहून पुन्हा बुडबुडे काढायला लागत.

संशय घ्यायला जागा तशी जुनी होती. 1972 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका सर्पालयात फेर-द-लान्स जातीच्या विषारी सापांमध्ये श्वसनाच्या रोगाची साथ आली आणि साप पटापट मेले. त्यांच्यातून एक विषाणू मिळाला, गोवराच्या विषाणूच्या लांबच्या भाऊबंदांपैकी. 1979 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं. आज त्या गटाला 'फेर्लाव्हायरस' म्हणतात, ते याच सापाच्या नावावरून. म्हणजे विषाणूमुळे सापाला न्यूमोनिया होतो हे तेव्हाच कळलं होतं.

मग 1990 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बॉल पायथन आजारी पडायला लागले. हा पश्चिम आफ्रिकेतला छोटा अजगर, घाबरला की चेंडूसारखी गुंडाळी करतो, म्हणून हे नाव. पाळायला सोपा, त्यामुळे लाडका. ज्ञात रोगांच्या चाचण्या केल्या, काही सापडेना. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फुप्फुसाच्या पेशींत धाग्यासारखे कण मात्र दिसत होते.

इथे कथेत येतात कॅलिफोर्नियातले जोसेफ डेरिसी. 2003 मध्ये सार्सचा विषाणू ओळखण्यात त्यांच्या प्रयोगशाळेचा वाटा होता. 2012 मध्ये त्यांनी आणि मार्क स्टेंगलाइन यांनी बोआंच्या एका वेगळ्याच असाध्य रोगामागचा विषाणू शोधला होता, आणि त्या कामाची सुरुवात एका सर्पमालकिणीने पाठवलेल्या पत्रातून झाली होती. (मला हा भाग फार आवडतो. एक बाई आपल्या आजारी बोआसाठी थेट सार्सवाल्या शास्त्रज्ञाला पत्र लिहिते आणि तो ते मनावर घेतो!)

बॉल पायथनसाठीही त्यांनी तीच युक्ती केली. अमुक विषाणू आहे का, असं विचारायचंच नाही. नमुन्यातला सगळा आरएनए वाचायचा आणि त्यात सापाचं नसलेलं काय उरतं ते बघायचं. उरला एक अनोळखी निडोव्हायरस, म्हणजे सार्स आणि नंतरचा कोविड ज्या मोठ्या गोतावळ्यातले, त्यातलाच. आठही आजारी सापांत तो होता, तपासलेल्या 57 इतर सापांत एकातही नव्हता. त्याचा जीनोम सुमारे 33,500 अक्षरांचा, तेव्हा माहीत असलेल्या आरएनए विषाणूंत सगळ्यात लांब. मी हिशेब केला: एका अक्षराला दोन बिट धरले तर जेमतेम आठ हजार चारशे बाइट. एवढ्याशा कोडमध्ये एक अख्खा अजगर आडवा!

त्याच वर्षी, 2014 मध्ये, नेदरलँड्समधल्या संशोधकांना न्यूमोनिया झालेल्या एका अजगराच्या फुप्फुसात असाच विषाणू मिळाला. तो बॉल पायथन नव्हता, आपला भारतीय अजगर होता. आपल्याकडे त्याला घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तिकडे मात्र तो पेटीत राहतो.

तरी 'सापडला' म्हणजे 'त्यानेच केलं' असं होत नाही. ते 2018 मध्ये झालं. तीन बॉल पायथनना प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू दिला, दोघांना नाही. तिघांच्या तोंडाला लाली, भरपूर स्राव, उघड्या तोंडाने श्वास, अन्नावरची वासना गेलेली. उरलेले दोघे ठणठणीत. हीटर निर्दोष सुटला, निदान या खटल्यात.

यामुळे 'बरा झाला' या शब्दाचा अर्थ मात्र पंचाईतीचा झाला. अँटिबायोटिकने मागून घुसलेले जिवाणू मरतात, बुडबुडे थांबतात, साप उंदीर खातो, कात टाकतो. मालक खूश. विषाणू तिथेच असतो. नंतरच्या पाहणीत दिसलं की लागण झालेले अजगर महिनोन्‌महिने विषाणू बाळगतात, तो पूर्ण निघून जाणं विरळाच. त्याच्यावर खात्रीचं औषध अजून नाही. म्हणून आता जाणकार लोक नवीन अजगर आणला की तो महिनोन्‌महिने वेगळ्या खोलीत ठेवतात, तोंडातला स्वॅब तपासायला पाठवतात, त्याची भांडी वेगळी ठेवतात आणि त्याला सगळ्यांच्या शेवटी हात लावतात.